ताडपत्रीखालचा मिक्सर

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल उतरली, म्हणून छत्री घेऊन आमचं घर बांधणाऱ्यांकडे गेलो. कराडला लागून मलकापुरात त्यांचं गोडाऊन आहे, वरच्या मजल्यावर घर. गोडाऊनच्या तोंडाशी मिक्सर ताडपत्री पांघरून उभा होता. मागे सेंटरिंगच्या प्लेटा, जॅक, बल्ल्या, वेटोळं करून ठेवलेली व्हायब्रेटरची नळी. मे महिन्यात याच जागेत पाय ठेवायला वाव नव्हता.

धंदा दोघांचा. थोरले भाऊ सात वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पत्नी तेव्हाही हिशोब बघत होत्या, आजही बघतात. धाकटे दीर साइट सांभाळतात. त्यांना वहिनी म्हणणारे भाऊजी आणि भाऊजींना भाऊजी म्हणणाऱ्या वहिनी, त्यामुळे गवंड्यापासून सिमेंटवाल्यापर्यंत सगळे त्यांना त्याच नावांनी ओळखतात. मी जिना चढेपर्यंत दोघांचं वाजलेलं होतं. मला बघून थांबतील असं वाटलं, पण झालं उलटंच. दोघांनाही आयता पंच मिळाला.

"या सर, तुम्हीच सांगा," भाऊजी म्हणाले. "आपला लेबर रेट फुटाला २९०. एक जण गाळ्यांचं काम घेऊन आलाय, २८०० फूट. २४० देतो म्हणतो. मी म्हणतो घ्यावं. पोरं बसून आहेत."

"२४० मध्ये आपल्याला काय पडतं, तेही सांगा की सरांना," वहिनी वहीतून मान वर न करता म्हणाल्या.

"काही उरत नाही. पण हात हलता राहतो."

"उरत नाही नव्हे, जातात. आपल्याला फुटाला २६२ पडतात. म्हणजे फुटामागे २२ रुपये आपण त्याला द्यायचे. २८०० फुटांचे ६१,६००. त्यापेक्षा त्याला आहेर करू, निदान फोटो तरी निघेल."

"वहिनी, तुम्ही वहीतलं बोलताय. मी साइटवरचं बोलतोय. तीन गवंडी ९०० नं, पाच बिगारी ५५० नं. दिवसाला ५,४५० रुपयांची हजेरी. ही माणसं मी एका दिवसात गोळा केलेली नाहीत. चार महिने काम दिलं नाही तर दसऱ्याला फोन लावतो तेव्हा कुणी कोल्हापुरात असतं, कुणी पुण्यात."

"आणि काम दिलं तर? तीन वर्षांपूर्वी असंच जुलैत प्लॅस्टरचं काम घेतलं होतं. आठवतंय?"

भाऊजींना आठवत होतं. मला माहीत नव्हतं, म्हणून वहिनींनी सांगितलं. बाहेरच्या बाजूचा गिलावा होता. पाऊस दोन दिवस थांबला म्हणून भिंती हाती घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी ओल्या गिलाव्यावर सरी कोसळल्या. अर्धी बाजू खरवडून पुन्हा करावी लागली. मालकाने रेट पाडून घेतलेलाच होता, वर पंधरा दिवस उशीर झाला म्हणून बिलातूनही कापून घेतले.

"गोडाऊनचं भाडं ८,०००," त्या बोटांवर मोजू लागल्या, "पिकअपचा हप्ता ११,०००, मिक्सर-लिफ्टचा १४,५००, सुपरवायझरचा पगार २२,०००, लाइट, फोन, सीए मिळून ४,५००. एक वीटही न लावता महिन्याला ६०,००० जातात. तीन महिने हात बांधून बसलो असतो तर १ लाख ८० हजार गेले असते. काम केलं, आणि ते १ लाख ८० हजार तर गेलेच, वर १ लाख १५ हजारांचा नवा खड्डा पडला. रिकामा महिना परवडतो भाऊजी. चुकीचं काम परवडत नाही."

मी मास्तर माणूस. रिकामा महिना म्हणजे मला मे महिन्याची सुटी आठवते, तीही भरपगारी. त्यामुळे हा हिशोब ऐकताना जरा अवघडल्यासारखं झालं. रिकामेपणाचं भाडं दर महिन्याला किती पडतं, हे ज्याला पाठ आहे त्याच्याशी वाद घालणं कठीण असतं.

भाऊजींनी घातला. "बरोबर आहे. पण माणसाची किंमत कुठल्या रकान्यात लिहिता? २०२० मध्ये काय झालं ते सरांना सांगू का मी?"

"सांगा."

"२४ मार्चच्या रात्री लॉकडाऊन. वहिनींनी सगळ्यांची हजेरी चुकती केली, एक पैसा ठेवला नाही. त्याबद्दल बोलणं नाही. पण पुढे काही नाही. मी म्हणत होतो, बाकीच्यांचं जाऊ दे, फिटरला तरी थोडी खर्ची चालू ठेवू. नाही म्हणाल्या. तो बारा वर्षं आपल्याकडे सळई बांधत होता. ड्रॉइंग हातात दिलं की मला साइटवर जायची गरज नसायची. तो दुसऱ्याकडे लागला. डिसेंबरात काम सुरू झालं, नवा फिटर आणला, दोन कॉलम ओळंब्यात नाहीत! तोडून परत केले. ७०,००० गेले."

"फिटरला महिन्याला ८,००० धरले," वहिनी म्हणाल्या, "एप्रिल ते नोव्हेंबर आठ महिने. ६४,०००. फरक ६,००० चाच पडला."

"आणि तो माणूस?"

वहिनींनी पेन खाली ठेवलं. "तो हिशोबात धरला नव्हता," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली हे मला पुढे बोलण्यातून कळलं. आता फिटर आणि दोन जुने गवंडी यांना पावसाळाभर अर्धी खर्ची मिळते, आणि ती उचल म्हणून पुढच्या हजेरीतून कापली जात नाही. म्हणजे भाऊजी तो वाद केव्हाच जिंकले आहेत. पण जिंकलेला वाद पुन्हा काढण्यात वेगळी गंमत असते, तीही त्यांना सोडवत नसावी.

खरा मतभेद माणसांवरून नव्हताच. तो निघाला बयाण्यावरून, आणि तिथे मी खुर्ची पुढे ओढली.

"वहिनी, धंदा म्हणजे फिरता पैसा. २४० चं काम नफ्यासाठी नको घ्यायला, बयाण्यासाठी घेऊ. तो दीड लाख आगाऊ देतोय. वाठारच्या बंगल्याच्या टाइल्स अडकल्यात, त्या तरी येतील."

"हेच. हेच ऐकायचं होतं मला." वहिनींचा आवाज पहिल्यांदा चढला. "याचा बयाणा त्याच्या टाइल्सला. मग याची हजेरी कशातून देणार? तिसऱ्याच्या बयाण्यातून. आणि तिसरा आलाच नाही तर?"

मग त्यांनी २०१६ ची गोष्ट सांगितली. तेव्हा थोरले भाऊ होते. पाच घरं एकाच वेळी चालू. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, काय जोरात चाललंय यांचं. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. घर बांधून घेणाऱ्यांकडचा पैसा बहुतेक रोखीतला, तो एका रात्रीत गोठला. पण अडचण तिथे नव्हती, असं वहिनींचं म्हणणं. चालू घरांचे मालक आज ना उद्या चेकने पैसे देणारच होते, आणि दिलेही. नवीन पाया खणायला मात्र चार महिने कुणी आलं नाही. पहिल्या घराच्या बयाण्यातून दुसऱ्याचा स्लॅब पडला होता, दुसऱ्याच्या हप्त्यातून तिसऱ्याच्या विटा आल्या होत्या. सहावं घर आलं असतं तर पाचवं पुरं झालं असतं. सहावं आलं नाही.

"काम थांबलं म्हणून आम्ही बुडालो नाही सर. नवीन काम यायचं थांबलं म्हणून बुडालो. पाचही घरं अर्धी, पाचही मालक रोज दारात, आणि प्रत्येकाचं म्हणणं खरं, की आमचे पैसे आम्ही दिलेत, आमचं घर कुठाय? स्टीलवाल्याचे चार लाख फेडायला दीड वर्ष गेलं. तोवर आम्हाला वाटत होतं की धंद्यात नफा आहे. नफा नव्हता, पुढच्या माणसाची उसनवारी होती. जोरात चालू होतं तोवर ती दिसली नाही, एवढंच."

मला वाटतं, त्या दुपारी ऐकलेल्यापैकी सगळ्यात महत्त्वाचं हेच. मंदीत ठेकेदार बुडाला की आपण म्हणतो, कामं नव्हती. बहुतेकदा कामं असतानाच तो खोलात गेलेला असतो. पाणी ओसरल्यावर तळ दिसतो, तसं कामं कमी झाल्यावर ते दिसतं.

त्या वर्षानंतर वहिनींनी प्रत्येक कामाची वेगळी वही केली. एका घराचा पैसा दुसऱ्या घरात घालायचाच असेल तर तो लाल शाईने लिहायचा.

"लाल शाईने लिहिलं म्हणून पैसा परत येतो का?" भाऊजी.

"नाही येत. पण लिहिताना लाज वाटते. तेवढीही पुष्कळ झाली."

दुसरी गोष्ट म्हणजे शंभरातले तीन. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंतच्या आठ महिन्यांत त्यांचं साधारण ८० लाखांचं काम होतं. प्रत्येक हप्ता आला की त्यातले तीन टक्के त्या वेगळ्या खात्यात टाकतात. हंगाम संपताना २ लाख ४० हजार जमतात, म्हणजे महिन्याच्या ६० हजारांनी बरोबर चार महिन्यांची बेगमी. पापड, लोणची, चटणी-मसाला पावसाआधी भरून ठेवतात तशी. भाऊजींना हे खातं डोळ्यांत सलतं. फेब्रुवारीत मिक्सरसाठी पैसे कमी पडतात तेव्हा तिथे दीड लाख नुसते पडून असतात, आणि बँक कर्जावर व्याज घेत असते. गणिताने त्यांचं म्हणणं चूक नाही. वहिनी फक्त विचारतात, फेब्रुवारीत काढलेले जूनमध्ये परत टाकलेत असं एकदा तरी घडलंय का?

पण पुरे चार महिने का, हे मी विचारलं. पाऊस तर सप्टेंबरात ओसरतो.

यावर मात्र दोघं एका बाजूला झाले आणि मला शिकवायला लागले. पाऊस हे एकच कारण नाही. वीटभट्ट्या पावसात बंद, नदीतला वाळूउपसा बंद. बिगारी जत आणि विजापूरकडचे, ते पेरणीला गावी. आणि सगळ्यात मोठं कारण उसाचं. इकडे घरं पगारावर कमी, ऊसबिलावर जास्त उठतात. ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यावं असा १९६६ चा आदेश आहे. प्रत्यक्षात ते कधी पडतं हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं. गाळप हिवाळ्यात, पैसा वसंतात. जूनपर्यंत तो बियाणं-खत आणि पोरांच्या प्रवेशात संपलेला असतो. त्यात गणपती, मग पितृपक्ष. त्या पंधरवड्यात पायाची कुदळ मारायला कुणी तयार होत नाही. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला गेला. "पंचांगाने आमचे एकोणीस दिवस खाल्ले," भाऊजी म्हणाले.

"म्हणूनच मी म्हणतो सरकारी कामांचं लायसन्स काढू. तिथे मुहूर्त लागत नाही."

"तिथे आचारसंहिता लागते," वहिनी.

हा टोला वर्मी बसला. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, ती जूनच्या पहिल्या आठवड्यात उठली तोवर पावसाचे ढग आलेले. पाऊस आवरतो न आवरतो तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली. चालू काम थांबत नाही, पण नवी वर्क ऑर्डर निघत नाही. मधे जे चार महिने मिळाले ते पावसाचे. आणि काम झालं तरी बिल कधी? २०२५ मध्ये राज्यातले शासकीय ठेकेदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आले होते. सरकारी कामात दर बरा मिळतो हे खरं, पण सहा महिने बिल न मिळता टिकायची ताकद आधी लागते. ती ज्याच्याकडे आहे त्याला मंदीची तशीही फार भीती नसते.

भाऊजींच्या स्वस्ताईच्या सिमेंटबद्दल फार लिहीत नाही. जूनमध्ये भाव उतरला म्हणून २०० गोण्या भरल्या, भिंतीला चिकटवून रचल्या, सप्टेंबरात चाळीसएक गोण्यांत खडे निघाले. तीन महिन्यांपुढचं सिमेंट तपासल्याशिवाय वापरू नये हे त्यांनाही माहीत होतं. प्लेटांचंही तसंच. वहिनी म्हणतात, निम्म्या विका, लागतील तेव्हा भाड्याने आणा. पावसात गंज चढतो, ऑइल लावायला माणूस लागतो. भाऊजी म्हणतात, स्वतःच्या प्लेटा नसलेला ठेकेदार म्हणजे स्वतःचा बैल नसलेला शेतकरी. यावर वहिनींचं उत्तर असं की आता कुणाकडेच बैल नाहीत, सगळे ट्रॅक्टर भाड्याने आणतात. इथे मी वहिनींच्या बाजूचा.

मग वसुलीचा विषय निघाला, आणि मी खुर्ची मागे घेतली.

"पावसाळ्यात काम नसतं हे कुणी सांगितलं?" वहिनी म्हणाल्या. "गेल्या पाच वर्षांत बांधलेलं प्रत्येक घर पहिल्या मोठ्या पावसानंतर बघून यायचं. गच्चीवर चढायचं, पाइपची तोंडं साफ आहेत का, पॅरापेटच्या सांध्यातला वाटा फुटलाय का, कोब्याला चीर आहे का. आपली चूक असेल तर फुकट दुरुस्त करायची."

"म्हणजे तक्रारी गोळा करत गावभर फिरायचं! वहिनी, झोपलेला माणूस उठवू नये. आपण गेलो की ज्याचं गळत नाही तोही म्हणतो, आलाच आहात तर संडासाचं दार बघा, फुगलंय."

"बघावं. दार बघून खाली आलं की विचारायचं, आमचे राहिलेले तेवढे कधी देताय. प्रत्येकाने शेवटचे वीस-तीस हजार धरून ठेवलेत. रंग झाल्यावर देतो, वास्तुशांत झाल्यावर देतो, एक पावसाळा जाऊ दे मग देतो. कुणी न जाता ते मिळत नाहीत, आणि हात हलवत जाऊन मागणं शोभत नाही. शिडी घेऊन गेलं की शोभतं. नवी कामंही तिथेच मिळतात. गळती बघायला आपणहून आलेला ठेकेदार लोक विसरत नाहीत. अर्धी खर्ची देतोच आपण गवंड्यांना, मग ती या कामाची समजा."

त्यांनी येणे-बाकीची वही उघडली. अकरा नावं होती. सातवं माझं. बाकी २८,०००, शेरा: 'एक पावसाळा जाऊ दे.'

खोलीत जरा शांतता झाली. माझं घर होऊन दोन पावसाळे उलटले होते, आणि हा तिसरा. वहिनी सभ्य बाई आहेत. त्यांनी पान उलटलं.

भाऊजींनीच मला सोडवलं. म्हणाले, "सरांचं वेगळं आहे, त्यांच्याकडे ओल आलीय." मग पुन्हा मूळ मुद्द्यावर: "वसुली ठीक. पण वसुली म्हणजे जुनं काम. त्याने तीन माणसं जगतील, आठ नाही."

हे मात्र खरं होतं. दोघांच्याही बोलण्यात बिगारी फक्त आकड्यात येत होते. गवंड्याला खर्ची मिळते, फिटरला राखून ठेवतात. बिगाऱ्याच्या मंदीची जबाबदारी कुणाच्याच वहीत नाही. पेरणी झाली की तो परततो, पहाटे मजूर नाक्यावर उभा राहतो आणि दहापर्यंत कुणी नेलं नाही तर डबा घेऊन खोलीवर जातो. मी तसं म्हटल्यावर वहिनींनी एक जाडसर फाइल काढली. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला मिळाला तर नोंदणी होते, मुलांना शिष्यवृत्ती मिळू शकते. हा दाखला ठेकेदारालाही देता येतो. हजेरीवरून दिवस मोजायला हंगामात वेळ नसतो, म्हणून त्या जुलैत बसून मोजतात. भाऊजी कुरकुरले, "दाखला दिला की उद्या कुणीतरी येऊन विचारणार, मग बाकीची कागदपत्रं दाखवा." वहिनी म्हणाल्या, "दाखवू की. काम तर केलंय त्यांनी." भाऊजी गप्प राहिले. फाइलमधले पाच दाखले पाचही बिगाऱ्यांचे होते. पण दाखल्याने जुलैची चूल पेटत नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

निघायच्या आधी गाळ्यांचं काय ठरलं ते विचारलं.

"२६२ ला देतो म्हणून कळवा," वहिनी म्हणाल्या. "नफा नको. पण पैसे दर शनिवारी, केलेल्या कामाचे मोजून. बयाणा २५,००० च्या वर घ्यायचा नाही."

"बयाणा कमी मागणारा ठेकेदार त्याने आयुष्यात बघितला नसेल," भाऊजी हसले. पण फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी एका गवंड्याला घेऊन आमच्या गच्चीवर चढले. वाटा फुटलेला होता, कोबा धड होता. तासाभराचं काम, मग दोन दिवस ताडपत्री टाकून ठेवायची. उतरताना त्यांनी सांगितलं, गाळ्यांचं काम दुसऱ्या कुणीतरी २३५ ला घेतलं. आवाजात चुटपुट होती. नंतर न विचारताच म्हणाले, "संडासाचं दार बघू का?"

माझ्याकडचे २८,००० मी त्याच दिवशी दिले. तुमच्याकडेही घर बांधणाऱ्याचा शेवटचा हप्ता राहिला असेल, आणि घर गळत नसेल, तर दिवाळीची वाट पाहू नका. दिवाळीत त्यांच्याकडे दुसऱ्यांचे पैसे येतात. त्यांना पैसे लागतात ते पावसाळ्यात.